दोन ड्रॅगन, एक मांजरा: ॲक्रिलिकमधल्या एका चित्रजोडीचा प्रकरण अभ्यास

लातूरच्या एका चित्रकार बाईंनी ॲक्रिलिकमध्ये केलेल्या दोन मोठ्या चित्रांची ही हकीकत आहे. एक उभं, एक आडवं. दोन्हींत ड्रॅगन आहे, पण तसं न सांगता समोर ठेवली तर बरेच जण ती अमूर्त चित्रं म्हणूनच बघतात. असं दोन्ही अंगांनी उभं राहणारं चित्र सहज होत नाही. ते कसं घडलं, कुठे अडलं, रंगाने कुठे साथ दिली आणि कुठे हात आखडता घेतला, हे मला जवळून बघता आलं, कारण आम्ही एकाच खोलीत काम करतो. त्या वयाने आणि अनुभवाने माझ्याहून मोठ्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, इथेही तेच ठेवतो.

ताई ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालेल्या. दिवसा शाळेत चित्रकला शिकवतात, संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या पोरांची तयारी करून घेतात. स्वतःचं काम पहाटे, आणि ते काम आजवर अमूर्तच राहिलं: काळ्या-करड्या पृष्ठभागावर तांबूस पट्टे, खरवडलेला पांढरा, थरांखालून डोकावणारे थर. ड्रॅगन त्यांच्याकडे आला तो पोरांमुळे. चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानांवर पोरं मोबाइलच्या गेममधले ड्रॅगन काढतात. समोर ठेवलेला तांब्या काढताना कंटाळणारं पोर न सांगता ड्रॅगनचा एकेक खवला मन लावून काढतं, हे ताईंना महत्त्वाचं वाटलं. पुढची मालिका ड्रॅगनची करायची, असं त्यांनी ठरवलं.

पहिले ड्रॅगन फसले. हात तयार असल्यामुळे ते वाईट दिसत नव्हते, आणि अडचण तिथेच होती. पेन्सिलने बाह्यरेषा, आत हिरवा, त्यावर खवले, पाठीवर वटवाघळासारखे पंख, जबड्यातून आग, मागे जांभळं आकाश. भिंतीवर लावले की पोस्टर वाटायचे. शेजारी त्यांचीच अमूर्त चित्रं होती आणि ती जिवंत होती. एकाच हाताची दोन कामं इतकी वेगळी का, हा या प्रकरणातला खरा प्रश्न.

माझं निदान असं. ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रात आकार बंद लागतो, कड स्वच्छ लागते, रंग सपाट आणि एकसारखा लागतो. ती शिस्त चांगलीच आहे, पोरांना ती शिकवलीच पाहिजे. पण वर्षानुवर्षं ती शिकवणाऱ्याच्या हातात ती मुरते. कसलाही ‘विषय’ समोर आला की हात आधी बाह्यरेषा बंद करतो, आणि मग रंगाला आत भरण्यापलीकडे काम उरत नाही. ताईंच्या अमूर्त चित्रांत रंग निर्णय घेत होता. ड्रॅगन आला की तो हुकूम पाळायला लागायचा.

दुसरी गोष्ट आगीची. मे महिन्यात पारा 42 वर जाणाऱ्या गावात आग ओकणाऱ्या प्राण्याचं कुणाला काय अप्रूप? ताईंनीच एका पहाटे ब्रश खाली ठेवून म्हटलं, “हा आपला नाहीच रे. ह्याला उगं पाळून बसलेय मी.”

मग त्यांनी ड्रॅगन वाचायला घेतला. आग ओकणारा, पंखांचा, खजिन्यावर बसलेला ड्रॅगन युरोपातला. चीनमधला ड्रॅगन पाण्याचा: नद्या, ढग, पाऊस त्याच्या ताब्यात. त्याचं शरीर नऊ प्राण्यांवरून रचायचं, अशी जुनी चिनी परंपरा आहे. शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, डोळे राक्षसाचे, मान सापाची, पोट शिंपल्याचं, खवले कार्प माशाचे, नखं गरुडाची, तळवे वाघाचे, कान गायीचे. ही यादी ताईंना फार कामाची वाटली, कारण तिच्यामुळे ड्रॅगन बघून-बघून काढता येतो. त्यांनी बाजारातून रोहू आणला (रोहू कार्प कुळातलाच), त्याचे खवले पाण्यात भिजवून टेबलावर मांडले आणि दिवसभर रेखाटनं केली. शेताच्या बांधावरच्या घोरपडीच्या मानेच्या वळ्या, गोठ्यातल्या देवणी बैलाचं शिंग आणि कान. उंटाच्या डोक्याची जागा त्यांनी रिकामीच ठेवली.

त्याच वाचनात चेन रोंग भेटला. सोंग राजवटीतल्या या चित्रकाराची ‘नऊ ड्रॅगन’ ही शाईतली गुंडाळी 1244 सालची, आज बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. चित्राची लांबी साडेनऊ मीटरच्या आसपास. त्यात ड्रॅगन सहसा सलग पूर्ण दिसत नाहीत. कुठे पंजा, कुठे मान, बाकीचं अंग ढगात आणि लाटांत गेलेलं, आणि ढग म्हणजे फासलेली, उडवलेली शाई. चेन रोंग दारू पिऊन, ओरडत, टोपी शाईत बुडवून फासायचा अशी त्याची ख्याती होती. ताईंनी ते छापील चित्र कितीतरी दिवस भिंतीवर ठेवलं. अमूर्त आणि ड्रॅगन ही दोन खाती नाहीत, हे तिथे जवळपास आठशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवलेलं होतं.

त्यानंतर आम्ही वेरूळला गेलो. कैलास लेण्याकडे गर्दी असते. ताईंना बघायचं होतं 21 नंबरचं रामेश्वर लेणं. त्याच्या दर्शनी भागात मकरावर उभी असलेली गंगा आहे. सगळे गंगा बघतात, ताई मकराशेजारी खाली बसल्या. मकर हा आपल्याकडचा पाण्याचा मिश्र प्राणी: जबडा मगरीचा, नाकाडाला सोंडेचं वळण. आपल्या शिल्पपरंपरेत त्याची शेपटी पुष्कळदा वेलबुट्टीत विरघळते. प्राणी कुठे संपला आणि नक्षी कुठे सुरू झाली, तिथे बोट ठेवता येत नाही. ताईंनी वहीत तेवढी वळणंच काढली, प्राणी काढलाच नाही. परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, “शेपटीकडून सुरू करायला पाहिजे.”

पण माझ्या मते ही जोडी खरी घडली ती ऋग्वेदामुळे. पहिल्या मंडलातलं 32वं सूक्त इंद्र आणि वृत्राचं. वृत्राला तिथे ‘अहि’ म्हटलं आहे, म्हणजे सर्प. तो डोंगरावर पसरून पाणी अडवून धरतो. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. इंद्र त्याला मारतो आणि हंबरणाऱ्या गायींसारखं पाणी समुद्राकडे धावत सुटतं. म्हणजे एकीकडे पाणी देणारा ड्रॅगन आणि दुसरीकडे पाणी कोंडणारा. मराठवाड्यातल्या माणसाला दोन्ही ओळखीचे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा नदीवरचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ताईंनी त्या वर्षी धरणाच्या तळाचे, भेगा पडलेल्या गाळाचे फोटो काढून ठेवले होते. ते आता बाहेर आले. उभं चित्र कोंडणाऱ्याचं, आडवं आणणाऱ्याचं, हे एका संध्याकाळी ठरून गेलं.

इथून पुढचा भाग सामानाचा आणि हवेचा आहे. तो सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवेत ॲक्रिलिकने काम करणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल.

ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे सूक्ष्म कण आणि त्यांत मिसळलेला रंगकण. पाणी उडालं की पॉलिमरचे कण एकमेकांना भिडतात आणि त्यांचा लवचीक पापुद्रा होतो. ओला असताना हा पॉलिमर दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. म्हणून रंग वाळला की थोडा गडद दिसतो. ताई प्रत्येक मिश्रणाचा एक पट्टा पुठ्ठ्यावर लावून, वाळवून, मगच पुढे जातात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रंग पॅलेटवरच वाळतो. त्यावर त्यांचा उपाय साधा: स्टीलचा पसरट डबा, तळाला ओलं सुती फडकं, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला मिळतो. वाळणं लांबवणारा रिटार्डर त्या अगदी थोडा घालतात, कारण जास्त झाला तर थर चिकट राहतो आणि आमच्याकडच्या धुळीला तेवढंच हवं असतं. बोअरचं पाणी जड. पातळ थर वाळला की त्यावर पांढुरकी झाक यायची. त्या आता इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतात, आणि झाक गेली.

उभ्या चित्राला भेगा हव्या होत्या. ॲक्रिलिकचा थर मुळात लवचीक, तो आपणहून नीट भेगाळत नाही. ताईंनी प्लायवूडची फळी घेतली, कारण भेगाळलेला थर कापडावर ठेवला तर कापड हलतं आणि खपल्या सुटतात. दोन्ही बाजूंनी जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर, मधून पॉलिश पेपर. त्यावर बर्न्ट सिएना आणि यलो ऑकरचा अपारदर्शक थर, काळ्या मातीखालच्या मुरमाचा रंग. तो वाळल्यावर फेविकॉलचा जाड हात, आणि फेविकॉल बोटाला चिकटेल इतपत ओला असतानाच वरून काळा-करडा ॲक्रिलिक, एका दमात. तिथे ब्रश परत फिरवायचा नाही. वरचा रंग आधी आक्रसतो, खालचा गोंद अजून सरकत असतो, त्यामुळे वरचा थर फाटतो आणि भेगेतून मुरूम दिसतो. गोंद जाड तिथे भेगा रुंद, पातळ तिथे बारीक. ब्रशचे फटकारे ज्या दिशेने, भेगांचा ओढाही बहुतेक त्याच दिशेने. हे कळल्यावर ताईंनी मधोमध एक मोठं वेटोळं मनात धरून त्याच वळणाने ब्रश ओढला. कागदावर काही आखलं नव्हतं.

पहिली फळी वाया गेली. भेगा सुंदर पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वरून पातळ पाणीदार निळा दिला आणि खालचा गोंद पुन्हा भिजला, ब्रशबरोबर खपल्याच वर आल्या. फेविकॉलसारखा गोंद वाळल्यावरही पाण्याने सुटतो, हे त्या दिवशी फळीने शिकवलं. दुसऱ्या फळीला पुरते काही दिवस वाळू दिलं, मग मॅट मीडियमचे (रंगकण नसलेलं, चमक न येणारं ॲक्रिलिक) हलके फवारे मारून भेगा बंदिस्त केल्या, आणि मगच पारदर्शक रंगाला हात घातला.

आता त्या भेगाळलेल्या पृष्ठभागात वृत्र कुठे? या ठिकाणी ताईंनी जे केलं ते मला संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. फळी चारही बाजूंनी फिरवून बघितली. मोबाइलवर तिचा कृष्णधवल फोटो काढून उजेड-अंधाराची रचना तपासली. मग पारदर्शक प्लास्टिकचा कागद वर धरून त्यावर मार्करने वेटोळ्याच्या शक्यता काढल्या, एक पुसून दुसरी. ठरल्यावर ओल्या फडक्याने पुसता येईल अशा खडूच्या हलक्या खुणा केल्या. आणि मग ड्रॅगन रंगवलाच नाही, त्याच्या भोवतीचं रंगवलं. पेन्स ग्रे आणि टायटॅनियम व्हाइटचा अपारदर्शक करडा काच पुसायच्या वायपरने बाहेरून ओढत आणला आणि वेटोळ्याच्या कडेशी थांबवला. भेगाळलेला भाग झाकायचा राहिला, तेच अंग झालं. कड कुठेही रेषेने बंद नाही. काही ठिकाणी बाहेरचा करडा आतल्या करड्याला इतका जवळ आणला की कड हरवते, आणि बघणाऱ्याची नजर ती स्वतः जोडून घेते. हात-पाय नाहीत, खांदा नाही, सूक्तात सांगितलं तसाच. खवले वेगळे काढायची गरज पडली नाही, भेगांचे तुकडेच खवले. फक्त एका वळणावर, जिथे उजेड पडतो तिथे, रोहूच्या रेखाटनांवरून मोजके खवले पांढऱ्याने उठवले. सगळ्या अंगावर उठवले असते तर पोस्टर परत आलं असतं.

आपल्याकडे अमूर्त चित्राचा विषय निघाला की वासुदेव गायतोंडे आठवतात. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग लावायचा, उचलायचा, पुन्हा लावायचा, या त्यांच्या रीतीचा ताईंच्या कामावर जुना संस्कार आहे. लावण्याइतकंच काढून घेण्यालाही चित्रात काम असतं. वृत्राच्या चित्रात हा संस्कार विषयाच्या मदतीला आला, एवढंच झालं.

आडवं चित्र मे महिन्यात सुरू झालं आणि बिघडत राहिलं. इथे वाहतेपणा हवा होता. मांजरपाटाचे दोन कॅनव्हास शेजारी ठेवून सात फूट लांबी. रंग पातळ करायला ताईंनी पाण्याऐवजी ओतायचं मीडियम वापरलं, कारण नुसतं पाणी वाढवत गेलं की रंगकणाला धरून ठेवणारा पॉलिमर विरळ होतो आणि वाळलेला रंग बोटाला लागतो. टेबल लेव्हलने तपासून सपाट केलं, रंग ओतला, कॅनव्हास कलवून वाहू दिला. पण उन्हाळी हवेने वरची साय आधी धरायची, आतला रंग ओला राहायचा, आणि शेवटी नको तिथे बारीक चिरा पडायच्या. पंखा बंद केला, रात्री ओतलं, वर पुठ्ठ्याची खोकी पालथी घातली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शेवटी ताईंनी कॅनव्हास भिंतीला लावून ठेवले आणि पावसाळ्याची वाट बघितली. जुलैत हवा दमट झाल्यावर तेच मिश्रण, तेच टेबल, आणि रंग एकही चीर न पडता वाळला. फ्थॅलो ग्रीन, अल्ट्रामरीन, पांढरा, मध्ये बर्न्ट सिएनाचा गढूळ ओघ. फ्थॅलो ग्रीन जपून वापरावा लागतो, थेंबभर जास्त झाला की शेजारचे सगळे रंग गिळतो.

या वाहत्या पृष्ठभागात ड्रॅगन काढायला शेपटीकडून सुरुवात झाली. डाव्या टोकाला नुसती वेलबुट्टीसारखी वळणं, मकराच्या शेपटीवरून घेतलेली. ती उजवीकडे सरकत घट्ट होत अंग होतात. अंगाला ठरावीक अंतरावर सांधे आहेत. पहिल्या मसुद्यात त्या सांध्यांखाली चाकं होती, रुळांची रेषही होती. मी म्हणालो, “ताई, हे फार सांगून टाकतंय. पाणी कुठून आलं ते चित्राला बघणाऱ्याने विचारू द्या.” त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग चाकं आणि रूळ करड्याने बुजवले, सांधे ठेवले. “टाक्या राहू देत,” म्हणाल्या. “त्या दिसल्या तर दिसल्या. नाही दिसल्या तरी पाणी आलं होतंच.” हे त्यांचं बरोबर होतं. सांधे काढले असते तर अंग सापासारखं गुळगुळीत झालं असतं आणि लातूरशी त्याचा संबंध तुटला असता.

पोटाकडच्या भागावर अभ्रकाच्या चकाकीचा एक अगदी पातळ थर आहे. हे रंगद्रव्य म्हणजे अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप. समोरून फारसं काही दिसत नाही, बाजूने चालत गेलं की अंग ओलसर चमकतं. त्यामुळे हे चित्र उभ्याने, चालत बघायचं आहे. छापील प्रतीत ही गोष्ट येत नाही.

डोळ्याचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. चांग सेंगयाओ या लिआंग काळातल्या चिनी चित्रकाराची प्रसिद्ध दंतकथा आहे: त्याने मंदिराच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढले आणि डोळे काढले नाहीत, काढले तर उडून जातील म्हणाला. लोकांनी आग्रह केला, त्याने दोघांना डोळे काढले, विजा कडाडल्या आणि ते दोघे भिंत फोडून गेले. चित्रकारासाठी या गोष्टीत रोजच्या कामाचा मुद्दा आहे. चित्रात डोळा आला की बघणाऱ्याची नजर थेट तिथे जाते आणि उरलेलं सगळं त्याचं अंग होऊन बसतं. ताईंनी आडव्या चित्रात यलो ऑकरचा डोळा काढला होता, चांगला काढला होता. तो आल्याबरोबर वाहणं थांबलं. रंग अमूर्त राहिला नाही, एका जनावराची कातडी झाला. त्यांनी त्यावर पातळ करड्याचे थर चढवले, एकावर एक, डोळा नजरेला लगेच सापडणार नाही इतपत. तो पूर्ण पुसलेला नाही. शाळेतल्या पोरांना चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला शोध डोळ्याचाच घेतला, आणि शोधता शोधता सगळं चित्र बघून झालं. वृत्राला मात्र डोळा कधीच नव्हता. जो नुसता अडवून बसलाय त्याला नजर देऊ नये, हे ताईंचं म्हणणं मला पटतं.

रंगकाम संपल्यावर दोन्ही चित्रांना आधी ॲक्रिलिक मीडियमचा एक पारदर्शक थर आणि त्यावर काढता येणारं वार्निश दिलं. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग उन्हाळ्यात मऊ पडतो, धूळ धरतो, आणि दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली तर चिकटतात. वार्निश मळलं तर रंगाला धक्का न लावता काढून नवं देता येतं. नेआण करताना मध्ये स्टिकरच्या मागचा गुळगुळीत सिलिकॉनचा कागद घालायचा, प्लास्टिक नाही.

ताईंनी पुढची फळी जेसो लावून ठेवली आहे. त्यावर मकर येणार आहे, आणि या वेळी भेगा आणि ओघ एकाच पृष्ठभागावर घ्यायचा त्यांचा विचार आहे: अर्धी फळी मेमध्ये, अर्धी जुलैत. दोन्ही थर जिथे भेटतील तिथे गोंद पुन्हा भिजू नये म्हणून काय करायचं, याच्या चाचण्या त्या सध्या पुठ्ठ्यांवर करतायत.